मीटरभर खोल खड्डा

माती हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका टायरवाल्याच्या आणि एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या मधे आमची लॅब आहे. बाहेरून पाहिली तर आत कोणी मिक्सर दुरुस्त करत असेल असं वाटतं. तिथे मी बावीस वर्षं लोकांची माती तपासतोय. कुठल्या बंगल्यातला खजूर वाळला, कुठल्या दुभाजकावरची फुलझाडं बसली, की पिशवीत भरून माती आमच्याकडे येते. मी ती वाळवतो, चाळतो, पाण्यात कालवतो आणि तिच्यात मीठ किती आहे ते लिहून देतो. मीठ असतंच. कतारमध्ये माती तपासायची म्हणजे मीठ मोजायचं, बाकीचे रकाने शोभेला.

इथली जमीन म्हणजे वीतभर पांढुरकी भुकटी आणि तिच्याखाली चुनखडीचा खडक. झाड लावायची रीत ठरलेली आहे. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा खणायचा, निघालेला सगळा माल ट्रकमधून फेकून द्यायचा आणि खड्ड्यात बाहेरून आणलेली ‘गोड माती’ भरायची. गोड म्हणजे बिनमिठाची. मग पाणी सोडायचं, झाडाला लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच, म्हणजे मीठ धुऊन खाली जातं. खाली खडकाला भेगा असतात, त्या सगळं पिऊन टाकतात. हे मी इतक्या गिऱ्हाइकांना लिहून दिलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते ह्याच शहाणपणातून झालं.

मागच्या वर्षी जानेवारीत माझी बायको गेली. सतरा दिवस ती इथल्या हॉस्पिटलात होती. आधी नुसता ताप, मग किडनी, मग बाकीचं सगळं एकेक करून. आमची एकुलती एक मुलगी कॅनडात असते, तिथल्या गवताळ मैदानी भागातल्या एका शहरात. तेव्हा तिकडे उणे तीस चाललं होतं. ती रोज विचारायची, “बाबा, येऊ का?” रिपोर्ट माझ्या फोनवर यायचे. मी आकडे वाचणारा माणूस. काल अमुक होतं, आज तमुक आहे, म्हणजे सुधारणा आहे, असं मी तिला सांगायचो. “घाई करू नकोस. क्रिएटिनिन खाली आलंय.”

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मुलीला बोलवायचं असेल तर आता बोलवून घ्या. मी ऐकलं. मान डोलावली. संध्याकाळचा रिपोर्ट सकाळपेक्षा बरा आला आणि मी मुलीला लिहिलं, आज नंबर चांगले आहेत. ती निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. सगळे नेतात तसं मी बायकोला गावी नेलं, नाशिकजवळ, आणि मुलगी परस्पर तिकडेच पोचली. तिला आई भेटली ती पेटीतली.

त्या दिवशी तिने मला एकच गोष्ट विचारली. “डॉक्टर काही बोलले नव्हते का?”

मी म्हणालो, “नाही.”

नंतरचे दहा-बारा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगत होती, “माझंच चुकलं. मी आधीच निघायला हवं होतं.” मी शेजारीच सतरंजीवर बसलेला असायचो. मूग गिळून बसणं मला लहानपणापासून छान जमतं. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे, डोळ्यातून टिपूस नाही. धीर कसला डोंबलाचा! हात अंगाखाली येऊन झोपला की कसा आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळंच झालं होतं. लोक चहा देत होते, मी पीत होतो. गरम आहे का गार, ते कप खाली ठेवल्यावरसुद्धा सांगता आलं नसतं.

आमच्याकडे हल्ली रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा करून त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. भावाने बांधावर आंबा लावला. मुलीने ते पाहिलं आणि रक्षेतली थोडी एका स्टीलच्या डबीत भरून घेतली. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. त्या दिवसांत मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

तेरावा झाला आणि मी दोह्याला परत आलो. दुसऱ्या दिवशी लॅबला गेलो. मुलगी दर शुक्रवारी फोन करायची, आमचे पाच म्हणजे तिची सकाळ. जेवलात का. हो. काय केलं होतं. डाळ-भात. तिकडे थंडी? आहे. मग दोघंही गप्प. ती बिचारी शाळेपासून इंग्रजीत वाढलेली, आमच्याशी बोलताना आईच्या आधाराने मराठी बोलायची. शब्द अडला की आई पुरवायची. आता तो अडला की तसाच राहायचा. पाच मिनिटांत फोन संपायचा आणि मला हायसं वाटायचं. आज तरी तिने पुन्हा डॉक्टरांचं विचारलं नाही, एवढंच डोक्यात असायचं.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ती म्हणाली, “बाबा, इकडे बॅकयार्डमध्ये एक अ‍ॅपल ट्री लावायचंय. आईचं. मी सॉइल टेस्ट केली. तुम्ही रिपोर्ट बघाल?”

सफरचंद का, तर एक म्हणजे तिथल्या थंडीत ते जगतं. आणि दुसरं म्हणजे तिची आई शाळेच्या डब्यात रोज सफरचंदाच्या फोडी द्यायची, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू चोळून. मुलगी त्या आंबट लागतात म्हणून परत आणायची आणि दोघींचं त्यावरून वाजायचं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला आनंद झाला. आनंद म्हणजे काय, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुठेतरी काहीतरी हललं. रिपोर्ट उघडला. डोळे आधी मिठाच्या ओळीवर गेले. जवळजवळ नव्हतंच! कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा आकडा तर असा, की आमच्या लॅबमध्ये तो आला असता तर मी मशीन बिघडलं म्हणून परत तपासायला लावलं असतं. मी तिला व्हिडिओवर माती दाखवायला सांगितली. काळीभोर. “थोडी ओली कर. अंगठा आणि बोटाच्या मधे दाबत पुढे सरकव, पट्टी निघते का बघ.” चांगली दोन इंच पट्टी निघाली, न तुटता. चिकणमाती. आमच्या गावच्या काळ्या रानासारखी. मी लॅबच्या डायरीत तिची नोंद केली, गिऱ्हाइकाच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहून.

“पण बाबा, ही वरची सहा-सात इंचच आहे. खाली ग्रे आहे. एकदम हार्ड.”

घर नवीन वस्तीतलं होतं. बिल्डरने वरची माती खरवडली, खालच्या चिखलावर महिनोन्‌महिने मशिनं फिरवली आणि जाताना थोडी काळी माती वर पसरून दिली. हे मला लगेच कळलं. बिल्डर सगळीकडे सारखेच.

“मग ती खालची काढून टाकायची,” मी म्हणालो. आणि माझं पाठांतर सुरू झालं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. निघालेलं फेकून द्या. बाजारातून चांगली हलकी माती आणून भरा. पाणी भरपूर. सात मुद्दे टाईप करून मी तिला पाठवले, खाली सहीसुद्धा केली, सवयीने.

त्या रिपोर्टच्या तळाशी चार ओळींचा एक परिच्छेद होता. तो मी वाचला नाही. असले परिच्छेद मी स्वतःच लिहितो, ‘स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा’ वगैरे. ते कोणी वाचत नाही हे मला लिहितानाच माहीत असतं.

एक प्रश्न मात्र मी विचारला. राख खारी असते, जास्त झाली तर मुळं जळतात. म्हणून मी म्हणालो, “डबीतलं वजनाने किती भरेल? ग्रॅममध्ये सांग.”

ती म्हणाली, “बाबा, ती आई आहे.”

“हो, पण किती?”

तिने किचनच्या काट्यावर वजन केलं आणि आकडा सांगितला. मी म्हणालो, चालेल, सगळीकडे नीट मिसळ.

मेच्या अखेरीस त्यांनी झाड लावलं. जावयाने दोन दिवस खणलं, दुसऱ्या दिवशी तर भाड्याने मशीन आणावं लागलं. मी व्हिडिओवर होतो. मुलगी डबी रिकामी करताना रडत होती, जावई तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी पाहत होतो ते रोपाच्या बुंध्याकडे. “दोन इंच वर घे,” मी म्हणालो. “फार खाली बसलंय.” तिने डोळे पुसले आणि रोप वर घेतलं.

तो उन्हाळा आमचा बरा गेला. पाच मिनिटांचा फोन अर्ध्या तासावर आला. झाड दाखवायचं, मग ओघाने बाकीचं यायचं: तिने लावलेले बटाटे, तिची बॉस, शेजारची म्हातारी. ती म्हातारी जन्मभर तिकडे गव्हाची शेती करून आता शहरात राहायला आली होती आणि कुंपणावरून सगळ्यांच्या बागांना नावं ठेवायची. एकदा तर मुलगी हसली. झाड जगतंय तोवर आपण जगलो, असा माझा हिशेब होता. झाडाबद्दल बोलत राहिलं की ती दुसरं काही विचारणार नाही.

जुलैमध्ये पानं फिकी पडली. मी म्हणालो, पाणी वाढव. ती अजून पिवळी झाली. आमच्याकडे पान पिवळं म्हणजे चुन्यामुळे लोह मिळत नाही, म्हणून मी लोहाची फवारणी सांगितली. तिने केली. पाणीही वाढवलं. मी सांगितलेलं ती अक्षरशः पाळत होती, लहानपणी कधी पाळलं नाही तितकं.

त्याच सुमारास मला द पर्लवर एका घराच्या बागेत जावं लागलं. तिथली झाडं बसत चालली होती. एक उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजक्या अंड्यासारखा वास. बेटच ते, खालून समुद्राचं पाणी वर आलं होतं आणि खड्डा भरून राहिला होता. मी रिपोर्टात लिहिलं, मुळं बुडाली. परत येताना गाडी माझा सहकारी चालवत होता. वसईचा आहे, बायको गेल्यापासून दर रविवारी चर्चहून येताना माझ्यासाठी डबा आणतो. मी त्याला मुलीच्या झाडाचं सांगत होतो.

तो म्हणाला, “तिकडे खड्ड्यातलं पाणी जातं कुठे, ते विचारलंस का?”

“अरे बाबा, चारी बाजूंना हजार मैल समुद्र नाही तिथे,” मी म्हणालो. “पाणी यायचं कुठून?”

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्यातला नव्हे.

थंडीत पानं गळली. ती तिकडे सगळ्यांचीच गळतात. पाच महिने बर्फाखाली काही दिसायचा प्रश्नच नव्हता. आम्ही फोनवर वाट पाहत होतो, मी तर तिच्यापेक्षा जास्त.

ह्या एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तिने फोन बागेकडे वळवला. बाकीची हिरवळ नुसती ओलसर होती. मधोमध एक तळं होतं, चौकोनी, मीटर बाय मीटर, पट्टीने आखल्यासारखं. त्यात रोप उभं होतं. कडेला अजून बर्फाची साय होती.

“असंच आहे दोन वीक्स,” ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारपर्यंत शेजारच्या म्हातारीने कुंपण ओलांडून येऊन रोपाची साल नखाने खरवडून पाहिली होती. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. मग तिने मुलीला सांगितलं ते मुलीने मला सांगितलं. इकडे खोल खणत नाहीत. खड्डा उथळ आणि रुंद करतात, आपलीच माती परत भरतात, झाड थोडं उंचवट्यावर लावतात. वसंतात वरची माती सुटते पण खालची मेपर्यंत गोठलेली असते, पाण्याला खाली वाट नसते. त्या कडक चिखलात तुम्ही बादली पुरलीत आणि तिच्यात झाड ठेवलंत.

“हे रिपोर्टमध्ये खाली लिहिलेलं असतं म्हणाली. मी बघितलं, आहे.”

मी तिच्याशी बोलता बोलता रिपोर्ट उघडला. चार ओळी. उथळ लावा, मूळची माती वापरा, निचरा नाही, पाणी बेताने. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो, त्या क्षणी नुसती अक्षरं दिसत होती.

“बाबा, ते मेलंय ना?”

“हो.”

“माझंच चुकलं.” तिचा आवाज चिरका झाला. “मी पाणी जास्त घातलं. मला वाटत होतं ओलं राहतंय म्हणून, तरी मी घातलं. मी बघायला हवं होतं. मी नेहमी लेट...”

हेच ती मागच्या वर्षी सतरंजीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती आणि मी शेजारी होतो. सव्वा वर्ष ती हे ओझं वाहत होती. ते माझं होतं. तिच्याकडे ते मीच दिलं होतं आणि वर दर शुक्रवारी तिला पाणी किती घातलंस म्हणून विचारत होतो.

“तुझं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “माझं चुकलं. तिथली माती मी इथे बसून वाचली. मीठ नाही एवढंच पाहिलं आणि इथला खड्डा तुला खणायला लावला. खालचं वाचलंच नाही.”

“इट्स ओके, बाबा.”

“नाही. ऐक. डॉक्टर बोलले होते.”

“कोणते डॉक्टर?”

“आईचे. बाराव्या दिवशी. मुलीला बोलवा म्हणाले. मी तुला सांगितलं नाही. रिपोर्ट बरा आला म्हणून मला वाटलं... वाटलं काही नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तू वेळेत पोचली असतीस. तुझा काही दोष नव्हता.”

पडद्यावर तिच्या स्वयंपाकघराचं छत दिसत होतं, फोन ओट्यावर ठेवला असावा. मग तेही गेलं.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी पाच वाजता फोन समोर ठेवून बसायचो आणि सहा वाजता उठून भात लावायचो. दोह्याबाहेर उम्म सलालला मी राहतो त्या घराच्या मागे एक शेत आहे, तिथले पंप संध्याकाळी चालू होतात. त्यांचा आवाज ऐकत जेवायचो. लॅबमध्ये काम नेहमीसारखं चालू होतं. वसईकराने डबा आणला तर घ्यायचो. मीही फोन केला नाही. करायचा हक्क आता तिचा होता, असं मी मनाला सांगत होतो. खरं म्हणजे भीती वाटत होती, आणि ती वाटतेय हे कळत होतं. इतक्या दिवसांत नीट कळलेली ती पहिलीच गोष्ट.

तिसऱ्या शुक्रवारी पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. तिने व्हिडिओ लावला नव्हता.

“पाणी गेलं,” ती म्हणाली. “झाड काढलं आम्ही. सहज निघालं.”

“बरं.”

“त्या खड्ड्यातल्या मातीचं काय करायचं? तो म्हणतो ती काढून टाकून इथलीच भरू. पण त्यात आई आहे, बाबा. ती कुठे टाकू मी?”

उत्तर मला येत होतं. पातळ करून पसरायची, वरच्या काळ्या मातीत मिसळायची, सगळ्या अंगणभर. मुद्दे आपोआप जुळायलाही लागले होते, एक, दोन, तीन. तोंडापर्यंत आलं आणि मी थांबलो. ती माती मी एकदाही हातात घेतलेली नव्हती.

“इथून नाही सांगत,” मी म्हणालो. “मी येतो. येऊन बघतो. मग दोघं मिळून करू.”

तिच्या मागे कुठेतरी नळ चालू होता, तो तिने बंद केला.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “मे एंडला या. खाली अजून फ्रोजन आहे. आत्ता खणलं तर सगळा चिखल होतो. आणि जाड सॉक्स आणा, तुमचे इकडे चालणार नाहीत.”

मी बरं म्हणायला गेलो आणि ते निघालंच नाही. बायको गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं, मोठ्याने, लाज वाटावी असं, आणि थांबेना. फोन माझ्या हातात होता. तिने तो ठेवला नाही.